छोटी ब्रुअरी काढायची आहे: रेसिपीच्या आधी काय शिकावं, काय मोजावं?

रवाळ_माल्ट (धागाकर्ता)

२०-२५ लिटरच्या खेपा नीट जमणं आणि १००० लिटरची ब्रुअरी पोटापाण्यासाठी चालवणं, या दोहोंच्या मध्ये काय काय येतं ते एका जागी यावं म्हणून हा धागा. चर्चेला काहीतरी धरायला हवं म्हणून कच्चा आराखडा टाकतो: १००० लिटरचं दोन भांड्यांचं ब्रूहाउस (मॅश-लॉटर टन, जिथे माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड पाणी म्हणजे वर्ट गाळतात, आणि केटल-व्हर्लपूल, जिथे ते हॉप्ससोबत उकळून गाळ बसवतात), १००० लिटरचे दोन फर्मेंटर (वर्ट यीस्टने आंबवायच्या टाक्या), एक ब्राइट टँक (तयार बिअरची टाकी). तीन एल (उबदार, लवकर आंबणाऱ्या बिअर) आणि एक लागर (थंड, सावकाश आंबणारी). निम्मी विक्री जागेवरच्या नळांतून, निम्मी केगमधून (स्टीलच्या पिंपांतून) बाहेर.

प्रश्न तीन. आराखडा कुठे चुकतोय? टाक्यांच्या कोटेशनमध्ये न दिसणारं काय काय लागतं? आणि उतरण्याआधी माणसाने स्वतः काय शिकून घ्यावं? परवान्यांचे नियम जागोजागी वेगळे, तो भाग थोडक्यात चालेल. रेसिप्या कृपया नकोत.

हिशेबवही

आराखडा पहिल्याच ओळीत चुकतोय. ब्रूहाउस मोठं आणि सेलर (टाक्यांचा विभाग) लहान आहे.

वर्षाचे ५० कामाचे आठवडे धरा. एल फर्मेंटरमध्ये साधारण दोन आठवडे बसते, लागर पाच. एक टाकी एलला दिली तर २५ खेपा, दुसरी लागरला दिली तर १०. म्हणजे वर्षात ३५ खेपा. एवढी मोठी केटल वर्षातले ३३० दिवस कोरडी उभी राहणार. उत्पादन केटलवर नाही, टाक्यांच्या फेऱ्यांवर ठरतं. हेच पैसे ५०० लिटरचं ब्रूहाउस आणि १००० लिटरचे चार फर्मेंटर असे वाटले तर दिवसाला दोन खेपा काढून एक टाकी भरते. तीन टाक्या एलला आणि एक लागरला दिली तर ७५ अधिक १०, म्हणजे ८५ टाक्या बिअर. मनुष्यबळ जास्त लागेल हे खरं. एक खेप धुलाईसकट सात-आठ तास घेते, दोन खेपा बारा तासांच्या आसपास जातात.

दोन खेपांत टाकी भरताना यीस्ट पूर्ण १००० लिटरच्या हिशेबाने पहिल्याच खेपेत घालतात. दुसरी खेप त्याच दिवशी मिळाली पाहिजे.

आता घट. फर्मेंटरमध्ये गेलेले १००० लिटर म्हणजे विक्रीचे १००० लिटर नव्हेत. तळाचं यीस्ट, गाळ, ड्राय हॉप्सनी (थेट फर्मेंटरमध्ये घातलेल्या हॉप्सनी) शोषलेलं, नळ्यांत राहिलेलं, केग भरताना फेसात गेलेलं असं सगळं धरून ८५० ते ९०० लिटर हाती येतात. भरपूर ड्राय हॉप्स असतील तर त्याहून कमी. पेल्याचा खर्च काढताना भाजक म्हणून १००० घेतला की तिथेच नफा कागदावर राहतो.

केटलकाका

+१, पण ५०० लिटरच्या ब्रूहाउसबद्दल थोडा मतभेद आहे. बारा तासांचे दिवस आठवड्यातून दोनदा आले की सहा महिन्यांत धुलाईत काटछाट सुरू होते, आणि काटछाट नेहमी न दिसणाऱ्या जागीच होते. ७५० ते १००० लिटरचं ब्रूहाउस ठेवा, पण फर्मेंटर दोनऐवजी चार घ्या आणि निदान दोन दुप्पट क्षमतेचे घ्या. जागा, ड्रेन आणि ग्लायकॉलची (टाक्या थंड ठेवणाऱ्या द्रवाची) मुख्य लाइन पहिल्या दिवसापासून सहा टाक्यांच्या मापाने टाका. टाकी नंतर येऊ शकते, फरशी फोडून ड्रेन नंतर टाकणं फार महाग पडतं.

खेपेचे आकडे, १००० लिटर, १२ प्लेटो (वर्टमधल्या अर्काची टक्केवारी; घनता १.०४८) साठी:

वर्टमध्ये विरघळलेला अर्क सुमारे १२६ किलो लागतो. १०० किलो माल्टमधून ६५ किलो अर्क निघतो असं धरलं तर माल्ट १९५ किलो. नवीन संचावर पहिल्या काही खेपा ६० चाच आकडा धरा. मॅशला प्रतिकिलो ३ लिटर पाणी, म्हणजे ५८५ लिटर, बाकीचं स्पार्जला (चोथ्यात उरलेला अर्क धुऊन काढायला). उरलेला ओला चोथा सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलो भरतो. तो त्याच दिवशी उचलणारा माणूस आधी ठरवा. उष्ण हवेत दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो आणि माश्या येतात.

दळण: रोलरमधली फट साधारण १ ते १.२ मिमी. दाणा फुटला पाहिजे, टरफल शाबूत राहिलं पाहिजे, कारण पुढे गाळणीचं काम टरफलच करतं. जास्त बारीक दळलं, पंप पहिल्याच मिनिटाला जोरात सोडला, किंवा गव्हाचं माल्ट निम्म्यावर नेऊन भाताचं तूस घातलं नाही, की थर बसतो आणि वर्ट यायचं थांबतं. तेव्हा पंपाचा वेग वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. पंप बंद, खालून गरम पाणी सोडून थर उचलायचा, वरचा भाग फावड्याने कापायचा (जाळीपर्यंत नाही), दहा मिनिटं थांबून अगदी हळू सुरू करायचं. सुरळीत गाळणीला ६० ते ९० मिनिटं लागतातच.

स्पार्जचं पाणी ७६-७८ अंश. वाहणारं वर्ट १.०१० च्या खाली गेलं किंवा त्याचा पीएच ५.८ च्या वर चढला की थांबा, पुढे टरफलातला तुरटपणा उतरतो. शेवटचे दोन-तीन किलो अर्क पिळून काढण्यात काही हशील नाही.

वाफनळ

कोटेशनमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल लिहितो. गरम करणं आणि थंड करणं, इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

१००० लिटर वर्ट ७५ अंशांवरून उकळीला अर्ध्या तासात न्यायचं तर सुमारे ५७ किलोवॅट लागतात. तासाला ८ टक्के बाष्पीभवन हवं असेल तर उकळी टिकवायलाच ५० किलोवॅट. गळती धरून ६५-७०. त्याच वेळी गरम पाण्याची टाकीही तापवायची असेल तर तासाला १५० किलोच्या आसपास वाफ देणारा बॉयलर हवा. विजेवर चालवायचं असेल तर आधी मंजूर भार किती ते विचारा, मग टाकी निवडा. ५०० लिटरपर्यंत वीज सोयीची, १००० ला वाफ जास्त बरी: उष्णता सगळ्या जॅकेटभर (भांड्याच्या दुहेरी भिंतीभर) सारखी पोहोचते, करपत नाही. थेट ज्योतीवर तळाला साखर करपते आणि तो वास बिअरमधून जात नाही. बॉयलर आला की तपासणी, पाण्याचा मृदूकरण संच आणि ठिकठिकाणी लागू असेल तसा प्रमाणित चालक हेही सोबत येतात.

थंड करणं. ९८ अंशांचं १००० लिटर वर्ट ४५ मिनिटांत २० वर आणायचं म्हणजे जवळपास ११८ किलोवॅट उष्णता काढायची. एवढा चिलर छोट्या ब्रुअरीला परवडत नाही, आणि लागतही नाही. युक्ती अशी: १२०० लिटर पाणी आदल्या रात्री दहा तासांत २५ वरून ५ अंशांवर आणून ठेवा. त्याला फक्त २.८ किलोवॅट लागतात. दुसऱ्या दिवशी प्लेट हीट एक्स्चेंजरमधून हेच पाणी उलट्या दिशेने जातं, वर्ट थंड होतं आणि पाणी ७० अंशांच्या आसपास गरम होऊन गरम पाण्याच्या टाकीत पडतं, पुढच्या खेपेसाठी. म्हणून इन्सुलेशन असलेली थंड पाण्याची टाकी खेपेच्या दीडपट मापाची घ्या. यादीतून ती हटकून गाळली जाते.

ती नसेल तर दोन टप्पे: नळाचं पाणी २५ अंशांचं असेल तर वर्ट ३० पर्यंत उतरतं, उरलेले १० अंश ग्लायकॉलने. त्यालाही ४५ मिनिटं १५ किलोवॅट हवेत, आणि तेवढा वेळ बाकीच्या टाक्या उपाशी राहतात.

फर्मेंटेशनची स्वतःची उष्णता त्यामानाने किरकोळ असते. १२ प्लेटोच्या १००० लिटरमध्ये एकूण ४८ मेगाज्यूल, तीन-चार दिवसांत पसरलेले. टाकी २० वरून २ अंशांवर २४ तासांत उतरवायला सुमारे ०.८५ किलोवॅट. तीन टाक्या एकदम उतरवायच्या नाहीत असं वेळापत्रक ठेवलं तर छोटा चिलर पुरतो. पण पाटीवरचा आकडा बघून फसू नका. तो बहुधा ७-१० अंशांच्या पाण्यासाठी असतो. ग्लायकॉल उणे ४ वर आणि बाहेर कडक ऊन असताना किती किलोवॅट मिळतात ते लेखी मागा, आकडा बराच खाली येतो.

ग्लायकॉल म्हणजे फूड ग्रेड प्रॉपिलीन ग्लायकॉल, ३० ते ३५ टक्के. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ब्रुअरीच्या आवारातही नको. प्रमाण दर महिन्याला रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. गळतीनंतर कुणीतरी नुसतं पाणी भरतं आणि चिलरच्या आतल्या प्लेटवर बर्फ धरून ती फुटते.

रवाळ_माल्ट

थंड पाण्याची टाकी खरंच यादीत नव्हती. टाक्या मागवताना तपशील काय लिहून घ्यायचे? आणि फरशीचं काय? एपॉक्सी चालेल का?

वाफनळ

एपॉक्सी नको. ८०-९० अंशांचं पाणी सांडलं की ती तडकून उचलली जाते. पॉलियुरेथेन-सिमेंटची फरशी हा तापमानाचा झटका सोसते. उतार दीड ते दोन टक्के, म्हणजे मीटरला १५ ते २० मिमी, आणि ड्रेन टाक्यांच्या समोर. मागे ड्रेन असला की तिथे हात पोहोचत नाही. १००० लिटरची भरलेली टाकी दीड टनापर्यंत जाते आणि ते वजन चार छोट्या पायांवर येतं, तेव्हा फरशीखालच्या काँक्रीटचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या.

टाकीचे तपशील: एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४, आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आत, जोड घासून पॅसिव्हेट (रसायनाने गंजरोधक) केलेले. तळाचा शंकू ६० अंशांचा. जॅकेट निदान दोन भागांत, त्यातला एक शंकूवर, नाहीतर क्रॅश करताना (शेवटी टाकी झपाट्याने थंड करताना) तळाचं यीस्ट उबदारच राहतं आणि मरू लागतं. वरती २० ते २५ टक्के मोकळी जागा, म्हणजे १००० लिटरच्या टाकीचं एकूण आकारमान १२०० ते १२५० लिटर. दाबाचं रेटिंग किती आणि किती दाबाला पाण्याने तपासली, याचं प्रमाणपत्र. आणि दाब-निर्वात झडप. ही ऐच्छिक म्हणून कोटेशनच्या तळाशी येते, ती ऐच्छिक नाही. का, ते सीआयपीवर (टाक्या न सोडता जागच्या जागी आतून धुण्यावर) लिहिणारा सांगेलच.

व्हॉल्व्ह सगळे बटरफ्लाय आणि ट्राय-क्लॅम्पचे (पकडीने चटकन सुटणाऱ्या जोडाचे). साधा बॉल व्हॉल्व्ह थंड बाजूला नको. त्याच्या गोळ्यामागच्या पोकळीत बिअर अडकते आणि तिथे धुलाईचं कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) पोहोचत नाही.

स्वच्छ_नळी

बोलावणं आलंच आहे तर सीआयपी.

क्रम: गार पाण्याने खळबळून टाकी मोकळी, २ टक्के कॉस्टिक ६०-७० अंशांना २०-३० मिनिटं फिरवत, पाणी, १ टक्का नायट्रिक किंवा फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५-२० मिनिटं, पाणी, आणि वापराच्या अगदी आधी पेरासेटिक अ‍ॅसिड १५० ते २०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), १०-१५ मिनिटं. कॉस्टिक प्रथिनं आणि हॉप्सचा चिकटा काढतं, पण बिअरस्टोन म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढुरका थर त्याने निघत नाही, त्याला अ‍ॅसिडच लागतं.

टाकी कशी चेपते ते समजून घ्या. फर्मेंटेशननंतर टाकी कार्बन डायऑक्साइडने भरलेली असते. त्यात कॉस्टिक फवारलं की वायूची कॉस्टिकशी अभिक्रिया होऊन कार्बोनेट बनतं, वायू नाहीसा होतो, आत निर्वात पोकळी तयार होते आणि बंद टाकी काही सेकंदांत आत चेपते. दुसरा मार्ग: गरम धुलाईनंतर लगेच गार पाणी. वाफ एकदम थिजते, परिणाम तोच. दाबाला टिकणारी टाकी निर्वाताला टिकत नाही. म्हणून आधी हवा खेळवून वायू बाहेर काढायचा, धुताना वरची वाट उघडी ठेवायची, आणि झडप सुकलेल्या फेसाने चिकटलेली नाही ना हे दर खेपेला बघायचं. वायू असताना धुतलं तर कॉस्टिकही फुकट जातं, ते वेगळंच.

दुसरी चूक पंपाची. स्प्रे बॉलमधून भिंतीवर पाण्याचा अखंड पडदा उतरायला टाकीच्या परिघाच्या दर मीटरला मिनिटाला सुमारे ३० लिटर प्रवाह हवा. १.१ मीटर व्यासाच्या टाकीचा परिघ ३.४५ मीटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटर, तासाला ६ घनमीटर, आणि तेही स्प्रे बॉलपाशी दीड-दोन बार दाब असताना. यापेक्षा लहान पंप असला की मॅनवेच्या (टाकीत शिरायच्या झाकणाच्या) वरची कड आणि टाकीचा माथा कोरडाच राहतो, बाकी टाकी चकाचक दिसते.

तांबूस_फेस

सॅनिटायझर म्हणून हायपोक्लोराइट स्वस्त पडतं आणि बहुतेक सगळीकडे मिळतं. ते का नको?

स्वच्छ_नळी

दोन कारणं. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि एकदा पडले की ती जागा कायमची जंतूंचं घर. दुसरं, उरलेलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जोडून क्लोरोफिनॉल बनवतं. औषधी, बँडेजसारखा वास, अगदी अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. शिवाय हायपोक्लोराइट आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. ब्रुअरीत अ‍ॅसिड असतंच, मग दुसरी बाटली आत का आणायची?

याच कारणाने पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीनही मॅशच्या आधी काढावं लागतं: कार्बन फिल्टर किंवा मेटाबायसल्फाइट.

धुलाई नीट होते का हे कळायला एक फुकटातली चाचणी: हीट एक्स्चेंजरनंतर, यीस्ट घालण्याआधी, निर्जंतुक बाटलीत थोडं वर्ट घ्या आणि सैल बुचाने ३० अंशांना ठेवा. तीन दिवस स्वच्छ राहिलं तर ठीक. एका दिवसात गढूळ झालं किंवा बुडबुडे आले तर एक्स्चेंजरच्या प्लेटमध्ये नाहीतर पुढच्या नळीत घाण आहे. हे दर खेपेला करा. बिअर आंबट झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

पेशीमोजणी

पाण्याचा विषय निघाला म्हणून पुरवणी. पाण्याचा अहवाल आल्याशिवाय जागेचा करार करू नका. कॅल्शियम ५० ते १५० पीपीएम, फिकट बिअरसाठी बायकार्बोनेट ५० च्या आत, मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ (नमुना खोलीच्या तापमानाला आणून मोजलेला). आरओचं पाणी असेल तर १००० लिटरला १०० ग्रॅम जिप्सम घातल्याने कॅल्शियम २३ आणि सल्फेट ५६ पीपीएम वाढतं. तेवढंच कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) घातलं तर कॅल्शियम २७ आणि क्लोराइड ४८. सल्फेटने कडूपणा कोरडा आणि टोकदार लागतो, क्लोराइडने तोंडाला भरीव. एकूण पाणी किती? छोट्या ब्रुअरीत लिटरभर बिअरमागे ५ ते ८ लिटर सहज जातं, बरंचसं धुलाईत.

आता यीस्ट. एलला प्रति मिलिलिटर, प्रति प्लेटो ७.५ लाख पेशी, लागरला दुप्पट. १००० लिटर १२ प्लेटो एलसाठी हे ९ लाख कोटी पेशी होतात. दाट स्लरीत (आधीच्या टाकीच्या तळातून काढलेल्या यीस्टच्या लगद्यात) मिलिलिटरला १०० कोटी पेशी धरल्या तर ९ लिटर स्लरी. पण 'धरल्या तर' वर धंदा चालत नाही, ४०० पट दाखवणारा मायक्रोस्कोप, हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची आखलेली काच) आणि मेथिलीन ब्लू घ्या. निळ्या दिसतात त्या मेलेल्या. ९० टक्क्यांच्या वर जिवंत असतील तर बिनधास्त, ८५ च्या खाली असतील तर टाकून द्या.

स्लरी शंकूच्या मधल्या थरातली. पहिला गाळ आणि शेवटचा पातळ थर नको. २ ते ४ अंशांना, आठवड्याच्या आत वापरा. जोरदार अल्कोहोलच्या किंवा ड्राय हॉप केलेल्या टाकीतली घेऊ नका. आणि स्लरीच्या डब्याचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू बनत राहतो.

तांबूस_फेस

पण सुरुवातीला ड्राय यीस्टच बरं नाही का? चार प्रकारच्या बिअरसाठी चार यीस्ट सांभाळायची म्हणजे रोजचं प्रयोगशाळेचं काम.

पेशीमोजणी

सुरुवातीला बरं, मान्य. एलला हेक्टोलिटरमागे (१०० लिटरमागे) ५० ते ८० ग्रॅम, म्हणजे खेपेला ५०० ते ८०० ग्रॅम. थंड वर्टात लागर असेल तर किलोच्या पुढे. पाकिटातल्या यीस्टला पहिल्या पिढीत ऑक्सिजन नाही दिला तरी चालतं. स्लरीला मात्र ८ ते १० पीपीएम द्यावाच लागतो. एकच तटस्थ यीस्ट तीन एलना चालवा, म्हणजे पुढे पुनर्वापर सुरू करणं सोपं जाईल. लागर पहिल्या सहा महिन्यांत नकोच असं माझं मत. हिशेबवहीने वर टाकीचं गणित दिलंच आहे.

एक चाचणी सोडू नका. क्रॅशच्या आधी दोन नमुने घ्या, एक झाकून ६०-७० अंशांच्या पाण्यात २०-३० मिनिटं ठेवा, गार करून दोन्ही हुंगा. तापवलेल्यात लोण्याचा वास आला म्हणजे डायअ‍ॅसिटिलचा कच्चा माल अजून बिअरमध्ये आहे. टाकी आणखी दोन दिवस उबदार ठेवा. न तापवलेला नमुना स्वच्छ वाटतो, म्हणून टाकी उतरवली जाते आणि लोणी केगमध्ये, ग्राहकापाशी प्रकट होतं. ड्राय हॉप्स घातल्यावर तर ही चाचणी पुन्हा. हॉप्समधल्या एन्झाइममुळे उरलेली डेक्स्ट्रिन मोडतात आणि फर्मेंटेशन पुन्हा थोडं जागं होतं.

केटलकाका

सुरक्षिततेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून. १२ प्लेटोच्या १००० लिटरमधून साधारण ३८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे २० घनमीटर. हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तळाशी, खड्ड्यात, थंड खोलीच्या कोपऱ्यात साठतो. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ५००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का. ३ टक्क्यांना धाप लागते, १० टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो. सेन्सर जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर लावा. टाकीच्या वायूनळ्या बाहेर काढा. टाकीत डोकं घालून वास घ्यायचा नाही, आणि आत कुणी पडलं तर मागोमाग उतरायचं नाही, या घटनांत दुसरा बळी वाचवायला गेलेल्याचाच असतो.

उकळीला पहिला फेस चढतो तेव्हा केटलपासून हलू नका. हॉप्सचा पहिला हप्ता फेस बसल्यावर, थोडा थोडा. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. डोळे धुण्याचा नळ हाताच्या अंतरावर.

हिशेबवही

केगचा हिशेब राहिला. जागेवरच्या नळांना ब्राइट टँकमधून थेट पाइप टाकला तर तेवढे केग वाचतात. बाहेरच्या एका नळामागे मात्र एक केग चालू, एक तिथल्या थंड खोलीत, एक वाटेवर, एक रिकामा परतीला, एक तुमच्याकडे धुलाईत: पाच तरी धरा. ५० लिटरचा भरलेला केग ६० किलोच्या पुढे असतो, म्हणून धक्का आणि ट्रॉली यांचीही सोय. बाहेरच्या नळाची लाइन दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकने कोण धुणार, हे विक्रीच्या करारातच लिहा. घाणेरड्या लाइनची चव ब्रुअरीच्या नावावरच जमा होते.

खेळतं भांडवल: माल्टचे पैसे आज, पहिली विक्री महिन्याभराने, बाहेरच्या दुकानाचे पैसे त्यानंतर कधीतरी. जागेचं भाडं मात्र परवान्याच्या वाट पाहण्यातही चालू. क्रम असा ठेवा: जागेच्या वापराची परवानगी आणि सांडपाण्याची अट आधी, मग नकाशा, मग अबकारी अर्ज, टाक्यांची ऑर्डर सगळ्यात शेवटी. मंजूर नकाशातल्या टाक्यांची जागा बदलली की बऱ्याच ठिकाणी अर्ज पुन्हा. सांडपाण्यात यीस्ट आणि गाळ सोडू नका, ते वेगळे साठवा, नाहीतर सीओडी (सांडपाण्याच्या प्रदूषणाचं माप) अवाच्या सवा चढतो. कॉस्टिक आणि अ‍ॅसिडचं पाणी एकत्र जमवून पीएच समतोल झाल्यावरच सोडायचं, त्यासाठी एक साठवण टाकी.

रवाळ_माल्ट

भरपूर मिळालं. तिसरा प्रश्न उरतो: स्वतः काय शिकावं, कोणत्या क्रमाने?

केटलकाका

आधी सेलर, मग ब्रूहाउस. चालू ब्रुअरीत सहा महिने ते वर्षभर नोकरी धरा, आणि केटलजवळ उभं राहण्याचा हट्ट न करता केग धुणं, टाकी सीआयपी, यीस्ट काढणं, केग भरणं ही कामं मागून घ्या. तिथे काय बघायचं: एक टाकी रिकामी झाल्यापासून पुन्हा भरेपर्यंत किती तास जातात, कोणतं गॅस्केट किती दिवसांत बदलतात, नोंदवहीत काय लिहितात. दर खेपेला निदान एवढं: माल्टचा लॉट, मॅशचं तापमान आणि पीएच, केटलमधलं आणि फर्मेंटरमधलं माप व घनता, यीस्टची पिढी, रोजची घनता-तापमान, क्रॅशची तारीख, भरताना विरघळलेला ऑक्सिजन, विक्रीला गेलेले लिटर. अबकारी खात्यालाही यातलं बरंच लागतं.

पेशीमोजणी

अभ्यासक्रमांत लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात. पूर्णवेळ शिकायचं तर एडिनबराचं हेरियट-वॉट विद्यापीठ, बर्लिनचं व्हीएलबी, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचं वाइहेनश्टेफान. कागद महत्त्वाचा नाही असं म्हणणारे भेटतील. पण पंपाचा प्रवाह, उष्णतेचा हिशेब, पेशींची मोजणी ही गणितं कुठेतरी बसून एकदा करावीच लागतात.

आणि जीभ. तटस्थ लागरमध्ये डायअ‍ॅसिटिल, डीएमएस (शिजलेल्या मक्यासारखा वास), अ‍ॅसिटाल्डिहाइड, जुनाट पुठ्ठ्याचा वास, यांचे प्रमाणित नमुने मिसळून तीन पेले ठेवायचे: दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. डायअ‍ॅसिटिल काहींना जन्मजात कमी कळतं. तुम्ही त्यातले असाल तर ते आत्ताच कळलेलं बरं, त्या चाचणीला दुसरं नाक ठेवता येतं.

वाफनळ

त्यात एक भर: पंपाचं मेकॅनिकल सील बदलणं, ट्राय-क्लॅम्प जोडणं, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह अडकला की हाताने उघडणं, तापमान नियंत्रकाचा सेन्सर तपासणं. फर्मेंटर रात्री तापतो तेव्हा मिस्त्री सकाळीच येतो. कपाटात जादा ठेवायच्या वस्तू: प्रत्येक मापाची गॅस्केट, पंपाचं एक सील, दोन सोलेनॉइड, एक तापमान सेन्सर, ग्लायकॉल पंपाची जादा मोटर. शक्य असेल तर ग्लायकॉलचे दोन पंप समांतर बसवा, एक चालू, एक राखीव.

रवाळ_माल्ट

सुधारित आराखडा: ७५० लिटरचं ब्रूहाउस, ७५० चे दोन आणि १५०० चे दोन फर्मेंटर, ७५० आणि १५०० चा एकेक ब्राइट टँक, ११५० लिटरची थंड पाण्याची टाकी, सहा टाक्यांच्या मापाची ग्लायकॉल लाइन. लागर पहिल्या सहामाहीत नाही. आणखी काही?

स्वच्छ_नळी

सीआयपीचा पंप आता १५०० लिटरच्या टाकीच्या परिघावर मोजा, ७५० च्या नाही. आणि ब्राइट टँकलाही स्वतंत्र दाब-निर्वात झडप कोटेशनमध्ये आहे का, ते आजच विचारा.